नमुना क्रमांक एक

पाण्याला वास येतोय असं घरातल्या तिघीही म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ इंद्रजीतही म्हणाला, ‘हो, येतोय की.’ म्हणायला काय जातं! मंगळवारी सकाळचे साडेसहा वाजलेले, नळाला पाचव्या दिवशी पाणी आलेलं, सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पातेली, बादल्या, पिंप, लेकीची वॉटरबॅगसुद्धा रांगेत लावलेली, आणि त्या घाईत त्याच्या बायकोनं, अंबिकानं, ओंजळभर पाणी नाकाशी नेलं नि तोंड वाकडं केलं. ‘शी! कसला मातकट वास मारतंय.’ नऊ वर्षांच्या संस्कृतीनं पेला हुंगला आणि ‘ईऽऽ, मी नाही हे पिणार’ असं जाहीर करून टाकलं. पिशोरहून महिन्याभरासाठी आलेली त्याची आई, सरूबाई, गुडघे धरत मोरीपाशी आली, पाण्यात बोट बुडवून नाकाला लावलं आणि निकाल दिला, ‘गाळाचा वास हाय. डोहाच्या तळाचा. धरणातलं आता खरवडून काढायलेत, दुसरं काय.’ मग अंबिकानं भरलेला तांब्याच त्याच्या तोंडासमोर धरला. ‘तुम्ही सांगा. तुमचा तर धंदाच नाकाचा.’ त्यानं वास घेतला. खोल घेतला. तांब्याच्या धातूचा वास आला, अंबिकाच्या हाताला लागलेल्या साबणाचा आला, मागं उकळणाऱ्या चहातल्या आल्याचाही आला. पाण्याचा आला नाही. सगळे जण भिंतीत खिडकी आहे म्हणून सांगतायत आणि आपण हात फिरवावा तर नुसता गिलावा लागावा, तसं झालं. त्यानं पुन्हा एकदा श्वास ओढला, तिघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हो, येतोय की.’

सर्दी असेल म्हणून त्यानं आधी नाक शिंकरलं. नाक स्वच्छ होतं. मग डबा भरून होईपर्यंत हा अडतीस वर्षांचा बाप्या चोरासारखा घरभर हुंगत हिंडला. हिंगाची डबी, देव्हाऱ्यातला कापूर, संस्कृतीचे कालचे मोजे, आईचा बाम. सगळे वास आपापल्या जागी शहाण्यासारखे बसले होते. एकच नव्हता, आणि नेमका तोच! जगात वासांना काय तोटा आहे? ओल्या कुत्र्याचा आला नसता, रॉकेलचा आला नसता, तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या ज्या छोट्या कंपनीत तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता, तिथं त्याची सहा वर्षं याच एका वासापायी गेली होती. मातीला जो वास असतो तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. पाणी आटलं, कोंडलं, तापलं की त्यातले सूक्ष्म जीव तो सोडतात, आणि विहीरभर पाण्यात सुईच्या टोकाएवढा पडला तरी माणसाचं नाक त्याला पकडतं. नाकाच्या अगदी वरच्या भागात ज्या पेशी असतात त्यांच्या अंगावर वासावासाची वेगळी प्रोटीनं बसलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणायचं. मातीच्या वासाचा रिसेप्टर माणसाच्या पेशीवर डोळ्यांनी दिसावा, मोजता यावा, म्हणून इंद्रजीतनं एक अँटिबॉडी तयार केली होती. तिच्यावर कंपनी उभी होती. त्याच्या हाताखालच्या मनस्विनीचा पीएचडीचा प्रबंध तिच्यावर उभा होता, आणि तिची तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी होती. आणि ती अँटिबॉडी खरी आहे याला पुरावा काय? तर इंद्रजीतचं स्वतःचं नाक. आता बोला.

स्कूटर जालना रोडला लागली. दोन्ही बाजूंना टँकर चालले होते, गळके, मागं ओली रेघ सोडत जाणारे. चिकलठाण्यापुढे जिथं चार वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथं आता काचेच्या शोरूम होत्या, आणि त्यांच्या पुढे करमाडपर्यंत ‘एनए प्लॉट’च्या पाट्याच पाट्या, पाण्याच्या नावानं सगळीकडे ठणठणाट असताना प्रत्येक पाटीवर निळ्याशार तरणतलावाचं चित्र. सकाळच्या पेपरात आलं होतं की जायकवाडी मृतसाठ्यावर गेलंय. मृतसाठा. सरकारी शब्द, रोजचा, पण आज तो त्याच्या मानेवर थंडगार बोटासारखा टेकला. धरणाच्या दारांच्या खाली जे उरतं, जे आपणहून वाहत नाही, पंप लावून उपसावं लागतं, ते पाणी सगळं शहर पीत होतं, आणि सगळ्या शहराला त्याचा वास येत होता. सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारसायकलवाल्यानं ओळखपाळख नसताना त्याला म्हटलं, ‘क्या पानी आरा भाई, नाली जैसा बास मारता.’ इंद्रजीतनं मान डोलावली. मान डोलावताना त्याला वाटलं, याला कळेल. कपाळावर काहीतरी लिहिलं असेल आणि हा वाचेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. सिग्नल सुटला, तो माणूस निघून गेला, आणि इंद्रजीतच्या मागच्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवायला लागल्या.

खरं तर त्याच्या घराण्याइतकं मातीच्या वासाशी सोयरीक असलेलं घराणं पिशोर पंचक्रोशीत नव्हतं. त्याचा बाप, सांडूआबा, पानाड्या. जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा. दुसरे पानाडे तळहातावर नारळ ठेवून चालायचे, कुणी उंबराची दुबेळकी काडी धरायचे. आबाला असली नाटकं लागत नसत. तो हातभर खड्डा खणायला लावायचा, तळातली मूठभर माती काढायचा, तिच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचा आणि वास घ्यायचा. मग ती मूठ जमलेल्यांत फिरायची. प्रत्येकानं हुंगून ‘येतो’ किंवा ‘नाय येत’ सांगायचं, अशी रीत. इंद्रजीत दहा वर्षांचा असताना बद्रीनाथ पाटलाच्या मळ्यात आबाचं नाक पडशानं पार चोंदलं होतं. वीस-पंचवीस माणसं उन्हात उभी. आबानं मूठ पोराच्या नाकाखाली धरली आणि म्हणाला, ‘तू सांग. तू मह्याच रक्ताचा.’ पोरानं हुंगलं. आबाच्या बोटांना बिडीचा वास होता, घामाचा होता, बैलाच्या कासऱ्याचा होता. आणखी काही असायला हवं होतं का? त्याला काय माहीत! पंचवीस माणसांचे डोळे त्याच्यावर होते आणि आबानं मूठ आणखी जवळ आणली. ‘येतो,’ तो म्हणाला. ‘लई येतो.’ आणि गंमत बघा, सहा परसावर, म्हणजे सहा पुरुष खोलीवर, पाणी लागलं! त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात घातला. थापा मारणाऱ्याला मार बसतो म्हणजे निदान थाप मारली एवढं तरी त्याला कळतं. याला खोबरं मिळालं. त्या दिवसापासून बिडी, घाम आणि कासरा यांनाच मातीचा वास म्हणतात अशी त्याची पक्की समजूत झाली. पुढं शाळेत, कॉलेजात, लग्नानंतर, कुणी ‘काय छान वास सुटलाय’ म्हटलं की तोही म्हणायचा, ‘सुटलाय खरा.’ आणि ते म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. हीच तर आता त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. अठ्ठावीस वर्षं एक शब्द तोंडात होता आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. मग आणखी कोणकोणत्या शब्दांखाली काही नाही? माया म्हणतो, खात्री म्हणतो, पुरावा म्हणतो. दुसऱ्याच्या नाकात शिरून कोण बघून आलंय?

प्रयोगशाळेत तरी कळायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण तिथली शिस्तच अशी की कळू नये. जिओस्मिनच्या बाटल्या बोटाच्या पेराएवढ्या, त्यातलं औषध स्पिरिटमध्ये विरघळवलेलं, आणि त्या उघडायच्या त्या काचेच्या बंद कपाटात, जिथली हवा पंखा वरच्या वर ओढून नेतो. कुणाचं नाक तिथं पोचतच नाही. कधी चुकून स्पिरिटचा भपका आला तर त्यात माती असणारच असं तो धरून चालायचा. काखेत कळसा असला तर निदान सापडतो तरी. याच्या काखेत कळसाच नव्हता.

आणि अँटिबॉडी. ती कशी बनवतात हे तो नव्या पोरापोरींना फार रंगवून सांगायचा. रिसेप्टरचा एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत तयार करायचा, तो सशाला टोचायचा. सशाच्या रक्ताला तो तुकडा परका वाटतो, मग रक्त त्याला नेमकं पकडणारे चिमटे तयार करतं. ते चिमटे म्हणजे अँटिबॉडी. त्यांना हिरवा चमकणारा रंग जोडायचा आणि माणसाच्या पेशींवर सोडायचं. जिथं रिसेप्टर तिथं हिरवा ठिपका. पण चिमटा लबाड निघू शकतो, भलतंच काही पकडून बसतो. म्हणून आधी अशा नाकावर तपासायचा की ज्यात तो रिसेप्टर नक्की आहे. असं नाक आणायचं कुठून? सहा वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये हा प्रश्न आला तेव्हा इंद्रजीतच हसत म्हणाला होता, ‘माझं घ्या ना. आमच्याकडे तीन पिढ्या माती हुंगून पाणी काढतात.’ कंपनीचे मालक हेमचंद्र सर एवढे खूश झाले की हा किस्सा त्यांनी पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगितला. छावणीत दवाखाना असलेल्या त्याच्या डॉक्टर मित्रानं, मंदारनं, बारीक ब्रश नाकात वरपर्यंत घालून पेशी काढल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं. त्या नमुन्यावर मनस्विनीच्या आधीच्या मुलीनं चिठ्ठी लावली: नमुना क्रमांक एक. आठ सशांचं रक्त त्याच्यावर तपासलं. सात सशांच्या अँटिबॉडीनं काहीच दाखवलं नाही, सगळा काळोख. आठव्याच्या अँटिबॉडीनं पडदा हिरवागार करून टाकला. टाळ्या वाजल्या. ती आठवी ठेवली आणि बाकीच्या सात मोरीत ओतल्या.

हे आठवलं तेव्हा तो प्रयोगशाळेच्या जिन्यात होता. त्याच्या नाकात जर तो रिसेप्टरच नसेल, तर जो काळोख दिसला तोच खरा जबाब होता. त्या सातांतली एखादी खरं बोलत होती, आणि खरं बोलली म्हणून मोरीत गेली. आणि आठवी? ती कशावर चमकत होती सहा वर्षं? खालून त्याला मनस्विनीचा आवाज आला, ‘सर, येताय ना? परीक्षेच्या आधी एकदा आकृत्या बघून घ्या.’ तो खाली उतरला. तिनं चाळीस म्हाताऱ्यांच्या नाकातल्या पेशी गोळा केल्या होत्या, गावोगाव हिंडून, चार वर्षं. वयाबरोबर मातीच्या वासाचा रिसेप्टर कसा कमी होतो, याचे तिचे आलेख एकाहून एक देखणे. ‘सगळं ठीक ना?’ त्यानं नेहमीसारखं विचारलं. ‘ठीक, सर,’ ती नेहमीसारखं म्हणाली. तिच्या हातातल्या आकृतीत पहिल्याच चौकोनात त्याचं नाक हिरवं चमकत होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर सगळे गेले तेव्हा त्यानं फकिराला थांबवून घेतलं. फकिरा करमाडचा, साठीचा, सशांची देखभाल करायचा आणि प्रत्येक सशाला एखाद्या पुढाऱ्याचं नाव ठेवायचा. इंद्रजीतनं तीन बाटल्या घेतल्या. एकीत जिओस्मिन, दोनमध्ये नुसतं स्पिरिट. त्याची पाठ असताना फकिरानं त्या अदलाबदल करायच्या आणि पुढं ठेवायच्या, इंद्रजीतनं ओळखायचं. झाकणं काढली मात्र, फकिरा तीन पावलं मागं सरला. ‘आयला सायेब, इथं कुणी सडा मारला का काय?’ मग हसून म्हणाला, ‘ही हाय बघा. मातीची. त्या दोन नुसत्या हातभट्टीच्या.’ त्यानं इतक्या सहज बोट दाखवलं की इंद्रजीतला त्याचा रागच आला. दहादा केलं. इंद्रजीतला तीनदा जमलं, म्हणजे नुसत्या अंदाजानं जेवढं जमावं तेवढंच. फकिरा सशाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायला लागला. ‘सायेब, तुमचं नाक गेलं का वो?’ ‘सर्दी आहे.’ ‘मंग सुंठ-गूळ खा. आन् ह्यो खेळ कशाला?’ फकिरा निघून गेल्यावर त्यानं आपली जुनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिन्हीसांजा व्हायला अजून वेळ होता, खिडकीतून तापलेला उजेड येत होता, पण पडदे ओढल्यावर खोलीत फक्त ते हिरवे ठिपके उरले. शेकडो. एवढी वर्षं तो त्यांच्याकडे कौतुकानं बघत आला होता. आता ते त्याच्याकडे बघत होते. स्वतःच्या आतून काढलेली गोष्ट, आणि ती कुणाची तरी बतावणी करत बसलेली. त्यानं दिवा घालवला.

एक आशा होती, तीही त्यानं घट्ट धरून ठेवली होती: रिसेप्टर असेल, पण मोडका असेल. आहे पण काम करत नाही, असं. मग अँटिबॉडी खरी ठरली असती आणि फक्त त्याचं नाक खोटं. नाक गेलं तरी चालेल, देवा, पण नाक कापलं जाऊ नये! त्यानं पहिल्याच दिवशी स्वतःचं रक्त काढून, नाव न घालता, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवलं होतं. निकाल येईपर्यंतचे दिवस त्यानं घरात नाटकं करण्यात काढले. ‘तुम्ही कसं हो गटागटा पिता हे पाणी?’ अंबिकानं एकदा विचारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण तोंड वाकडं करायला विसरतोय. मग तो शिकला. संस्कृती पेला उचलायची, त्याकडे तो चोरून बघायचा. आधी नाकपुड्या आवळतात, मग भुवया, मग मान मागं जाते. आरशासमोर करून बघितलं. एकदा त्या घाईत पेल्यात पाणी यायच्या आधीच तोंड वाकडं झालं. सरूबाई जेवता जेवता थांबली. ‘काय झालं रं?’ ‘वास, माय.’ ‘रिकाम्या पेल्याला?’ म्हातारीनं तो पेला आपल्याकडे ओढून घेतला आणि ती भाकरीकडे वळली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तसं ते मंगळवारपासूनच जात नव्हतं. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. ऑफिसात, रस्त्यात, भाजीवाल्याकडे, जो तो पाण्याच्या वासाबद्दल बोलायचा, आणि दर वेळी त्याला वाटायचं की हे सगळे मिळून आपली परीक्षा घेतायत, सगळ्या शहरानं मूठ नाकाखाली धरलीय.

गुरुवारी निकाल आला. दोन ओळी. त्या रिसेप्टरचा जनुक या व्यक्तीत मधेच तुटलेलं आहे, पुढचं प्रोटीन तयारच होत नाही. आणि सशाला जो तुकडा टोचला होता तो होता त्या पुढच्या भागातला. म्हणजे जे पकडायला म्हणून चिमटा बनवला ते इंद्रजीतच्या अंगात जन्मापासून नव्हतंच. त्यानं ते तीनदा वाचलं. वाटलं होतं की निकाल कळला की भीती एका जागी बसेल, पण ती वाढतच गेली. आणि तिच्या मागोमाग, दबक्या पावलांनी, एक विचार आला: हे कुणालाही माहीत नाही. रक्तावर नाव नव्हतं. नाकात काय येतं नि काय येत नाही हे दुसऱ्याला दिसत नाही. ‘येतो’ म्हणत राहिलं की झालं. विहिरीला पाणी लागलंच होतं ना? हा विचार इतका मऊ होता, इतका समजूतदार होता, की त्यालाच तो सगळ्यात जास्त घाबरला. रात्रभर कूस बदलत राहिला. पहाटे त्यानं ठरवलं, मनस्विनीला सांगायचं. हेमचंद्र सरांना नंतर. आधी तिला, कारण बुडणार ती आहे. चार वर्षं, चाळीस म्हातारे, बेंगळुरूला ठरलेली नोकरी. कारकुनीतून निवृत्त झालेले तिचे वडील सोमवारच्या परीक्षेसाठी नवा सदरा शिवून बसले होते, हे तिनंच हसत सांगितलं होतं. तिचा चेहरा कसा होईल हे त्यानं स्कूटरवर पंधरा वेळा डोळ्यांसमोर आणलं आणि पंधराही वेळा ब्रेक दाबला.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुटीत बाकीचे कँटीनला गेल्यावर तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ती प्रबंधाच्या प्रतीला खुणेच्या चिठ्ठ्या लावत होती. पाठ केलेलं सगळं तो विसरला. ‘मनस्विनी,’ तो म्हणाला, ‘मला तो वास येत नाही. कधीच येत नव्हता.’

कुठला वास, असं तिनं विचारलं नाही.

तिच्या हातातली पिवळी चिठ्ठी बोटाला चिकटली होती ती तिनं सावकाश सोडवली. मग उठली, दार लावून घेतलं, आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. ‘गेल्या वर्षी फेब्रुवारीत,’ ती म्हणाली, ‘माझ्या हातून बाटली फुटली होती, सर. मोठी. कपाटाच्या बाहेर. अख्ख्या लॅबमध्ये असा वास कोंडला की फकिरामामा ससे टाकून बाहेर पळाले. मी रडकुंडीला आले होते, आता तुम्ही ओरडणार म्हणून. तुम्ही आलात, इथंच बसलात, डबा उघडलात आणि म्हणालात, भेंडी छान झालीय, घे.’

इंद्रजीतला खुर्ची हवी होती. खुर्ची तिच्या बाजूला होती.

‘त्या रात्री मला झोप नाही आली,’ ती पुढं म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी मी माझ्या गालाच्या आतल्या पेशी घेतल्या. गालाला कुठला वास कळतो, सर? आणि आपली अँटिबॉडी लावली.’

‘मग?’

‘हिरव्यागार.’ ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. ‘तुमच्या नाकापेक्षा जास्त.’

‘चौदा महिने,’ तो म्हणाला. ‘चौदा महिने तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही रोज विचारायचात, सगळं ठीक ना. मी म्हणायचे ठीक.’ आता तिचा आवाज चढला. ‘काय म्हणायला हवं होतं? सर, तुमचं नाक खोटं आहे? तुमच्या आबांचा किस्सा खोटा आहे? तेव्हा माझे छत्तीस म्हातारे झाले होते! मी स्लाइड धुऊन टाकली. आणि रोज सकाळी देवाला एकच मागायचे, तुम्हाला कधी कळू नये. तुमच्यासमोर बाटली उघडावी लागू नये म्हणून मी काय काय केलंय, तुम्हाला कल्पना नाही.’ ती थांबली. ‘हे पाणी मेलं आलं नसतं तर कळलंही नसतं.’

बाहेर जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. दोघंही एकदम गप्प झाले, एकाच वेळी, एकमेकांकडे बघत. पावलं खाली गेली. एवढे दिवस तो ज्या गोष्टीला भीत होता ती म्हणजे आपण एकटेच आहोत ही. आता ती नव्हती, आणि तिच्या जागी जे उभं होतं त्याला काय म्हणायचं ते त्याला कळत नव्हतं.

‘हेमचंद्र सरांना सांगणार?’ तिनं विचारलं.

‘सांगायलाच पाहिजे.’

‘हो,’ मनस्विनी म्हणाली. ‘पाहिजे. मीही येते तुमच्याबरोबर, गालाचंही सांगते. सगळं सांगते.’ तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग अगदी लहान आवाजात, एखादी रजा मागावी तसं, म्हणाली, ‘फक्त मंगळवारी सांगू या का, सर? सोमवार तेवढा होऊ दे.’

त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पहाटेपासून तो तेच घोकत आला होता. त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं, ‘बरं.’

तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. इंद्रजीत आपल्या टेबलाशी जाऊन बसला. छाती मोकळी झाली होती, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली.